जुन्या फायबर होडीत जिवंत आमिषाची टाकी: केवढी, कुठे, आणि तळाला भोक पाडावं का?

गरीवाला_देवगड

नमस्कार मंडळी. होडी २६ फुटी, फायबरची, १५ वर्षांची. मागे ४० एचपी आउटबोर्ड इंजिन, दोरीने सुरू होणारं, बॅटरी चार्ज करणारी कॉइल नाही. गरवायला जातो ते सुरमई आणि तांबोशीसाठी. आमिष म्हणून छोटा बांगडा, तारली, कधी खाडीतली जिवंत कोळंबी. सध्या मोठी बादली आणि सेलवर चालणारा बबलर (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा) वापरतो. कोळंबी टिकते, पण बांगडा अर्ध्या तासात उलटा होतो. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात होडी वर ओढलेली असेल, तेव्हाच काम उरकायचं आहे. २०० लिटरचा निळा ड्रम कापून टाकी करायचा विचार आहे. पाणी खेचायला तळाला भोक पाडावं की नाही, आणि टाकी नाळेकडे ठेवावी की मागे?

रेझिन_मॅट

ड्रमची कल्पना चांगली आहे, कारण तो गोल असतो. बांगडा थांबत नाही, सतत पोहतो. चौकोनी टाकीत कोपऱ्यात नाक घासतो, खवले जातात आणि मग मरतो. मात्र ड्रम खाद्यतेलाचा किंवा खाण्याच्या मालाचाच घ्या. केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं पाण्यात उतरत राहतं.

हिशोब असा. २०० लिटरच्या ड्रमचा व्यास साधारण ५८ सेंमी. ५० सेंमी उंचीवर कापा आणि पाणी ४५ सेंमीपर्यंत ठेवा, म्हणजे ११८-१२० लिटर होतात. बोटभर लांबीच्या तारल्या असतील तर जास्त मावतील, पण वीतभर बांगड्याला चार-पाच लिटर धरा. म्हणजे २५ नग. त्याहून जास्त भरलेत तर पंप कितीही मोठा लावा, उपयोग नाही.

खरी अडचण वजनाची. पाणी, ड्रम, चौकट मिळून १४० किलो, म्हणजे दोन जाडजूड माणसं कायम एका जागी बसल्यासारखी. नाळेकडे ठेवलीत तर होडी लाटेत तोंड खुपसेल आणि आपटताना टाकीतलं सगळं आमिष भिंतीवर आदळेल. अगदी मागे ठेवलीत तर इंजिन, पेट्रोलचा कॅन आणि टाकी एकाच जागी येतात आणि पाणी जायची भोकं समुद्राच्या पातळीखाली जातात. मधल्या रेषेवर, मध्यापासून थोडी मागे, जमेल तितकी खाली ठेवा. पक्कं करण्याआधी ३५ लिटरचे चार कॅन भरून त्याच जागी ठेवा, दोन माणसं मागे उभी करा आणि बाहेरून पाण्याची रेघ कुठे येते ते खडूने आखून घ्या. हे करायला अर्धा तास लागतो आणि भोक पाडायच्या आधीच सगळं कळतं.

१५ वर्षांच्या होडीत आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांमधलं लाकूड कुजलेलं असण्याची शक्यता मोठी. लहान हातोडीने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पाणी शिरलंय. तिथे टाकीचा बोल्ट मारू नका, आधी ती पट्टी उघडून नवी भरा. नव्या थराआधी जुना जेलकोट (वरचा गुळगुळीत रंगीत थर) ४० नंबरच्या पेपरने पूर्ण उतरवा आणि अॅसिटोनने पुसा. आणि एक, रेझिन घरी कालवणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर शेवटी.

ड्रमला मात्र रेझिन चिकटत नाही, सीलंटही नाही. ड्रमच्या प्लास्टिकचा, एचडीपीईचा, स्वभावच तसा. पुष्कळ जण भोकाभोवती पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट थापतात आणि दुसऱ्या फेरीला गळती सुरू. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लावतात तो रबरी वायसरचा टँक निपल वापरा, आतून-बाहेरून नट आवळा. भोक सपाट भागातच पाडा. ड्रमच्या वळणावर वायसर बसत नाही.

खाडीमुख

पाण्याकडे वळतो. बांगडा बादलीत मरतो याचं कारण फक्त हवा नाही. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मुळात लिटरला जेमतेम ६ मिलिग्रॅम मावतो, आणि बबलरने तो भरून काढला तरी माशाची घाण तिथेच राहते. पाण्यावर फेस धरायला लागला की समजा चिकटा आणि अमोनिया साठलाय. म्हणून पाणी बदलत राहणं महत्त्वाचं: तासाला टाकीच्या सहा ते आठपट. तुमच्या १२० लिटरला ७०० ते ९५० लिटर.

पंपावर तासाला ५०० गॅलन लिहिलेलं असतं, म्हणजे १,९०० लिटर. पण तो आकडा पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा. मीटरभर उंची आणि पाइपची वळणं गेली की हातात हजार-अकराशे उरतात. तेवढे पुरे. ८०० किंवा ११०० गॅलनचा लावलात तर टाकीत भोवरा होतो, मासे दमून भिंतीला लागतात.

आत येणारा पाइप २० मिमी, बाहेर जाणारा ४० मिमी. याच्यात काटकसर नको. आत पाणी पंप ढकलतो, बाहेर ते आपल्या वजनाने जातं, त्यात खवले आणि शेवाळ अडकतं. दोन्ही सारखे ठेवले की टाकी काठावरून होडीत सांडते. बाहेर जायला ड्रमच्या मध्यात तळातून ४५ सेंमी उंच पीव्हीसी पाइप उभा करा, नुसता बसवलेला, चिकटवलेला नाही. वरच्या टोकाला भोकांची टोपी. पाइप उपसला की टाकी रिकामी. तिथून नळी होडीबाहेर, पाण्याच्या रेघेच्या वर.

आत येणारा पाइप काठावरून वळवून भिंतीलगत खाली सोडा, टोक बंद करा आणि उभ्या ओळीत ६ मिमीची दहा-अकरा भोकं पाडा, सगळ्यांचं तोंड भिंतीच्या दिशेने एकाच बाजूला. पाणी सावकाश गोल फिरतं आणि मासे प्रवाहाकडे तोंड करून एका ओळीत उभे राहतात. आता नवखे चुकतात ती जागा: पाइप जिथे काठावरून वळतो तिथे, पाण्याच्या पातळीवर, ३ मिमीचं एक भोक ठेवा. नाहीतर पंप बंद झाला की सायफन होऊन टाकीतलं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात. असला पंप बंद असताना पाणी अडवत नाही.

तळातल्या भोकाला माझा विरोध नाही, पण कांस्य किंवा मरिन प्लास्टिकचा व्हॉल्व्ह हवाच. घरच्या नळाचा पितळी कॉक खाऱ्या पाण्यात जस्त सोडून गुलाबी, ठिसूळ होतो आणि एक दिवस हातात येतो. शिवाय तांबं-पितळ कोळंबीला विष आहे. होडीच्या तळाला लावतात तो तांब्याचा अंश असलेला रंगही टाकीत लावू नका.

गरीवाला_देवगड

दोघांचे आभार. हातोडीने ठोकून पाहिलं, उजव्या बाजूची एक पट्टी बद्द वाजते. ती उघडतो. दोन शंका: चार्जिंग नसताना पंप दिवसभर चालेल का? आणि पट्टी कुजलेली निघाली तर तळात भोक पाडायला मन धजत नाही.

बारा_व्होल्ट

५०० गॅलनचा पंप साधारण अडीच अँपिअर खातो. आठ तासांचे २० अँपिअर-तास. ६० ची बॅटरी घ्या, रोज घरी नेऊन चार्ज करा, निम्म्याखाली उतरवू नका. दिवे आणि फिशफाइंडर त्याच बॅटरीवर टाकलेत तर ७५-८० ची बघा. वायर कल्हई केलेली, अडीच चौरस मिमी. साधी तांब्याची वायर एका मोसमात आतून काळी पडते. फ्यूज बॅटरीपाशी, पंपापाशी नाही, आणि पंपावर लिहिलेल्या अँपिअरचाच. जोड पाण्याजवळ ठेवायचा झाला तर आतून गोंद असलेली हीटश्रिंक वापरा, नुसती टेप नको. जोडीला सेलवरचा तुमचा बबलर राहू द्या. पंप अडकला तर तोच वीस मिनिटं वाचवतो.

रेझिन_मॅट

भोक नको असेल तर ट्रान्समवर (इंजिन टांगतात ती होडीची मागची सपाट भिंत) बाहेरून कंस लावा आणि पंप पाण्याच्या रेघेखाली हातभर टांगा, पंख्यापासून लांब, फिशफाइंडरच्या विरुद्ध बाजूला. हा पंप स्वतः हवा ओढून पाणी वर आणू शकत नाही, म्हणून तो पाण्याखालीच हवा. तोंडाशी पुढच्या दिशेची जाळीदार चमची बसवली तर पळताना पाणी आपोआप ढकललं जातं. होडी उचलली गेली आणि हवा शिरली की वेग कमी करा, पुन्हा धरतो. नळी पंपापासून टाकीपर्यंत चढतीच ठेवा. मध्ये वर-खाली लूप झाला की हवा तिथेच कोंडते. कंसाच्या स्क्रूंची भोकं मात्र रेघेच्या वर घ्या आणि आतलं उघडं लाकूड इपॉक्सीने बुजवा, नाहीतर पुढच्या वर्षी ट्रान्समही बद्द वाजेल.

मिनिकॉय_वारी

लक्षद्वीपला गळकाठीने कुप्पा (ट्युना) मारणाऱ्या लाकडी होड्यांत वेगळीच सोय असते: आमिषाच्या कप्प्याच्या तळालाच भोकं, गरज नसेल तेव्हा बुचं. होडी चालली की पाणी आपोआप फिरतं, पंप-बॅटरी काही नाही. पण त्यासाठी कप्प्याचा तळ समुद्राच्या पातळीखाली हवा आणि तेवढा भाग होडीला तरंगवत नाही हे धरूनच बांधणी होते. २६ फुटी हलक्या फायबरवर हे नंतर करायला जाऊ नका.

खाडीमुख

ट्रान्समचा पंप चालेल. फक्त खाडीच्या मुखातून जाताना तो बंद ठेवा, विशेषतः पावसानंतर. गढूळ, गोडसर पाणी टाकीत आलं की बांगडा पंधरा मिनिटांत गेला. तेवढा वेळ बबलर. कोळंबी आणि बांगडा एकत्र टाकू नका. कोळंबीला जाळीचा पिंजरा करून टांगा. टाकी उभ्या पाइपच्या टोकापर्यंत भरलेली आणि झाकण लावलेली हवी. अर्धी भरलेली टाकी लाटेत एका बाजूला धावते आणि होडीला तिकडेच झुकवते. बांगडा गळातून काढताना हात लावू नका, गळ उलटा धरून थेट टाकीत झटका. हातावरचं तेल आणि गेलेला चिकटा दोन्ही त्याला मारतात. उन्हात पाणी तापलं तर गोड्या पाण्याच्या बर्फाच्या बंद बाटल्या टाका, सुटा बर्फ नाही. मेलेला मासा दिसला की लगेच काढा.