रस्त्याकडेच्या छोट्या कातळावर चढायला पहिला रोप (दोर): किती मीटर, किती जाड?

सानू_चढते (धागाकर्ती)
मंडळी, आमचा नेहमीचा कातळ अगदी रस्त्याला लागून आहे. गाडीचं दार उघडलं की पहिला बोल्ट (कातळात पक्का बसवलेला खिळा) दिसतो. सगळे रूट (चढायच्या वाटा) बोल्ट केलेले, सर्वांत उंच १६ मीटर, बाकीचे त्याहून बुटके. ग्रेड (अवघडपणा) फ्रेंच पद्धतीत ५ए ते ६बी. ज्या मित्राच्या रोपवर इतके दिवस चढले तो आता गाव सोडतोय, आणि रोपही नेतोय.
हार्नेस (कंबरेचा पट्टा), शूज, बिले डिव्हाइस (खालून रोप धरून पडणाऱ्याला थांबवायचं साधन), क्विकड्रॉ (बोल्टला रोप अडकवायच्या कड्या), हेल्मेट सगळं आहे. पैसे फक्त एका साध्या, मध्यम दर्जाच्या रोपपुरते आहेत, त्यामुळे कृपया दुसरं काही सुचवू नका. ४० की ६० मीटर? जाडी किती? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कातळकिडा
७०. डोळे मिटून घ्या. आज १६ मीटर चढताय, उद्या मोठ्या कातळावर गेलात की रडाल. माझा ७० मीटरचा आहे, ९.२ मिमी, ड्राय ट्रीटमेंटवाला (पाणी कमी पितो). नुसता हातात घेतला तरी कळतं काय चीज आहे ते.

सानू_चढते
बजेट वाचलंत का? :)

कातळकिडा
सेफ्टीत बजेट बघायचं नसतं.

टोपीकाका
रोप राहू द्या, आधी हेल्मेट घ्या.

सानू_चढते
काका, आहे हो. वर लिहिलंय.

टोपीकाका
तुमच्याकडे असेल. बिले देणाऱ्याकडे आहे का? रस्त्याकडेच्या कातळाचा माथाही सोपा असतो. लोक गाडी थांबवून मागच्या पायवाटेने वर जातात, कडेला उभे राहून फोटो काढतात आणि पायाने खडे ढकलतात. खाली मान वर करून कोण उभं असतं? बिलेअर. आमच्याकडे एका महाशयांना "जरा मागे सरा" म्हटलं, तर म्हणे डोंगर तुमच्या बापाचा का!

जुगाडू
रॅपलिंगचा (दोरावरून स्वतः खाली उतरायचा) स्टॅटिक रोप घ्या की. स्वस्त पडतो, टिकतोही जास्त. १६ मीटरला काय फरक पडतो?

झुलती_दोरी
@जुगाडू, असले सल्ले देऊ नका राव. लीड करताना (खालून एकेका बोल्टला रोप अडकवत चढताना) पडलं की झटका रोपने ताणून खायचा असतो. स्टॅटिक ताणत नाही, मग तो झटका कंबर आणि बोल्ट खातात. आणि बुटक्या कातळावर फॉल सौम्य असतो हा गैरसमज आहे. फॉल फॅक्टर म्हणजे पडण्याचं अंतर भागिले बाहेर सोडलेल्या रोपची लांबी. खालच्या बोल्टांवर रोप कमी सोडलेला असतो, म्हणून तिथेच तो जास्त येतो.
सानू, रोपच्या टोकाच्या पट्टीवर गोलात १ चा आकडा बघा. तो सिंगल रोप. सोबत ईएन ८९२ लिहिलेलं हवं. त्या चाचणीत ८० किलो वजनाचे किमान ५ फॉल झेलावे लागतात आणि पहिल्या फॉलचा झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. हे सगळ्याच सिंगल रोपना लागू आहे, तेव्हा महागाचा घेतला म्हणून जास्त जगाल असं नाही.
लांबी: ६० घ्या. टोकांजवळचं आवरण आधी खराब होतं, मग तेवढा तुकडा कापावा लागतो. धुतल्यावरही रोप थोडा आखडतो. कापताना दोन्ही टोकांनी सारखा कापा, नाहीतर मधली खूण मध्यावर राहत नाही.
जाडी: ९.८ ते १०. आणि तुमच्या डिव्हाइसवर कोरलेली जाडीची रेंज एकदा बघून घ्या.

जुगाडू
मी टॉपरोपबद्दल (रोप आधीच वरून लावलेला असतो) बोलत होतो.

झुलती_दोरी
धाग्यात बोल्ट केलेले रूट लिहिलंय.

निवांत७
+१. ६० घ्या.

डोंगरवाट
अवांतर: दारातून उतरून चढायचं याला आजकाल क्लाइंबिंग म्हणतात का? आमच्या वेळी पाठीवर सामान घेऊन अर्धा दिवस चालल्याशिवाय कातळाला हात लागत नसे.

खडूवाली
@डोंगरवाट, ज्यांना घरी पोरं आहेत आणि संध्याकाळचे दोनच तास मिळतात त्यांनी काय करायचं? ६बी हा रस्त्याकडेलाही ६बीच असतो.
सानू, लांबीचं वर आलंच आहे, पण गाडीतून ने-आण असेल तर एक बघा. माझा रोप डिकीत होता आणि दिरांनी शेजारी जुनी इन्व्हर्टरची बॅटरी ठेवली. ॲसिड नायलॉनला खातं, आणि वरून काहीच कळत नाही. रोप टाकूनच दिला. दीर अजून म्हणतात, "एवढी चांगली दोरी टाकलीत, वहिनी!"

कातळकिडा
म्हणूनच म्हणतो, चांगला रोप घ्यावा.

खडूवाली
ॲसिड किंमत विचारत नाही हो.

हॉर्न_वाजतोय
मी पण अशाच रस्त्यालगतच्या कातळावर चढतो. रोप कुठलाही घ्या, तिथे खरी अडचण आवाजाची असते. वर "टेक" (रोप ताणून धर) ओरडायला आणि खालून ट्रक जायला एकच गाठ पडते. म्हणून अँकरला (रूटच्या माथ्यावरच्या बोल्टांना) पोचल्यावर काय करायचं हे जमिनीवरच ठरवा: बिलेअर लोअर करणार (रोप सोडत खाली उतरवणार), की चढणारा रॅपल करून येणार. वरच्याला वाटतं खालून धरलंय, खालच्याला वाटतं हा आता रॅपल करणार, आणि तो डिव्हाइसमधून रोप काढून टाकतो. कसलेले लोकही असेच पडलेत. आम्ही ठरवून टाकलंय, नेहमी लोअर. ठरल्याशिवाय बिले सोडायचा नाही, वरून काहीही ऐकू आलं तरी.
आणि बिलेअरने कातळाला धरून उभं राहावं. नीट दिसावं म्हणून मागे सरकत सरकत डांबरावर आलेले बघितलेत. रोपचा ढीगही रस्त्याच्या बाजूला नको, गाडीचं चाक गेलं की खडी आवरणात घुसते.

टोपीकाका
बिले डिव्हाइस कुठलं आहे? साधी ट्यूब असेल तर आधी ग्रीग्री (झटका बसला की रोप अडवायला मदत करणारं डिव्हाइस) घ्या.

निवांत७
ट्यूबच बरी. हात शिस्तीत राहतो.

टोपीकाका
ग्रीग्री १९९१ पासून बाजारात आहे, अजून ट्यूबच बरी म्हणणारे आहेतच. खालच्याच्या डोक्यात दगड पडला तर शिस्तीतला हात काय करणार? अर्थात ग्रीग्रीवरही ब्रेकचा हात सोडायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

हॉर्न_वाजतोय
यावर वेगळा धागा काढा ना. ताईंनी रोप विचारलाय.

निवांत७
६० घ्या. ४० घेऊ नका. वर आलंच आहे, तरी सांगतो.

सानू_चढते
सगळ्यांचे आभार. रोप घेतला: ४० मीटर, १० मिमी, साधा, ड्राय ट्रीटमेंट नाही. पाऊस आला की आम्ही तसेही गाडीत जाऊन बसतो.
हिशोब असा: रोप वर जाऊन परत खाली येतो, म्हणून १६ दुणे ३२. चढणाऱ्याच्या हार्नेसच्या आठाच्या गाठीला मीटरभर, बिलेअरच्या हाताखाली थोडा. तरी पाच-सहा मीटर उरतो. पुढेमागे दोन्हीकडून थोडा कापला तरी चालेल. मोकळ्या टोकाला गाठ मारून ते टोक रोपखालच्या ताडपत्रीच्या कडीला बांधून ठेवतो, म्हणजे रोप कमी पडला तरी डिव्हाइसमधून निसटणार नाही. ६० घेतला असता तर दर वेळी वीसेक मीटर नुसताच रस्त्याकडेच्या धुळीत लोळला असता. मोठ्या कातळावर जायची वेळ आली तर तिथे कुणाकडे तरी ७० असेलच, कातळकिडा आहेतच.
खडूवाली, डिकी रिकामी केली. हॉर्न_वाजतोय, "नेहमी लोअर" आमच्याकडेही लागू झालंय.

कातळकिडा
माझा रोप मी कुणाला देत नाही.

झुलती_दोरी
मला अजूनही ६० च बरा वाटतो. नव्या, जास्त उंच रूटवर बोल्ट लागले की आधी उंची मोजा, मगच चढा. टोकाची गाठ मात्र कधीच विसरू नका.

टोपीकाका
बिलेअरच्या हेल्मेटचं काय झालं?

निवांत७
मग ६० का नाही घेतला?