मदत हवी आहे: तारखेचा शॉर्टकट दाबला की मराठीचं इंग्रजी होतंय

मणीसेटिंग (नाशिक)
शॉर्टकट धड चालत नाहीयेत, सकाळपासून काम अडलंय. तारीख टाकायला ऑल्ट+शिफ्ट+डी दाबतो. कधी तारीख येते, कधी येत नाही, आणि त्यानंतर मराठी लिहायला गेलं की इंग्रजी अक्षरं उमटतात. ओळ वर सरकवायला ऑल्ट+शिफ्ट+वरचा बाण दाबला तरी तेच. परत मराठी करा, पुसा, पुन्हा लिहा. दिवसाला साठ-सत्तर नोंदी असतात, प्रत्येकीला तारीख लागते. अ‍ॅप काढून परत टाकलं, लॅपटॉप बंद-चालू केला, फरक शून्य. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

कळफलक
अ‍ॅप कोणतं? विंडोज १० की ११? मराठी कशाने लिहिता, इनस्क्रिप्ट (प्रत्येक कीला ठरलेलं मराठी अक्षर), फोनेटिक (रोमन अक्षरांनी, उच्चाराप्रमाणे) की वेगळं काही टाकलंय? हे कळल्याशिवाय सगळा अंदाजच.

मुक्तस्रोत
अ‍ॅप कोणतंही असो, ऑब्सिडियनवर या. कंट्रोल+स्वल्पविराम दाबलं की सेटिंग्ज, त्यात हॉटकीज. तिथे प्रत्येक आज्ञेला हवी ती की लावता येते. टेम्प्लेट्स हे प्लगइन त्यातच येतं, ते चालू केलं की आजची तारीख टाकायची आज्ञा मिळते, तिला एफ८ लावा. नोंदी साध्या मजकूर-फाइलींत तुमच्याच डिस्कवर राहतात. कंट्रोल+ओ आणि नावाची दोन अक्षरं, की नोंद उघडली. इतकं सोपं असताना लोक दुसरीकडे का अडकून पडतात?

मणीसेटिंग
वननोट आहे, अजून काय असणार. विंडोज ११. मराठी म्हणजे विंडोजमधलंच. अ‍ॅप बदलणार नाही. वही भागीदाराबरोबर शेअर केलेली आहे, तोही त्यातच लिहितो.

कळफलक
"विंडोजमधलंच" यात दोन गोष्टी येतात: 'मराठी' नावाचा इनस्क्रिप्ट आणि 'मराठी फोनेटिक'. विंडोज+स्पेस दाबून धरा, यादी दिसेल. त्यात जे जे आहे ते इथे उतरवा.

आणि तोवर एक चाचणी. नोटपॅड उघडा, मराठीत दोन शब्द लिहा. डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबा, तिसरं काहीही न दाबता सोडा. पुढे लिहा. इंग्रजी आलं, तर वननोटचा यात काही संबंध नाही.

गोदातीर
तुम्ही टाइप कशाला करता? मोबाइलवर जीबोर्ड घ्या, भाषा मराठी करा, माइक दाबून बोला. तारीखही बोलूनच टाका.

मणीसेटिंग
@गोदातीर, द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर फवारणीचा ब्लोअर चालू असतो, माइकला काही कळत नाही. शिवाय नोंदी घरी बसून वहीवरून उतरवतो. प्रश्न शॉर्टकटचा आहे.

@कळफलक, नोटपॅडमध्येही इंग्रजी आलं. यादीत तीन दिसतात: इंग्लिश इंडिया, मराठी, मराठी फोनेटिक. मी इनस्क्रिप्ट वापरतो. फोनेटिक कधी आलं ठाऊक नाही.

कळफलक
मग सापडलं. डावं ऑल्ट+शिफ्ट हा विंडोजचा भाषा बदलायचा शॉर्टकट आहे. तो अ‍ॅपच्या खालच्या थरावर बसतो, त्यामुळे अ‍ॅप काढून टाकल्याने काहीच झालं नाही. वननोटने मात्र त्याच जोडीवर बरंच काही लावलंय: ऑल्ट+शिफ्ट+डी तारीख, +टी वेळ, +एफ तारीख आणि वेळ दोन्ही, वर-खाली बाणांनी परिच्छेद सरकतो, डावा-उजवा बाण ओळीची पातळी बदलतो. घाईत डी निसटला किंवा उशिरा पडला, तर विंडोजला दिसतं फक्त ऑल्ट+शिफ्ट. भाषा फिरते, तारीख येत नाही. तुमचं "कधी येते, कधी नाही" ते हेच.

उपाय: सेटिंग्ज > टाइम अँड लँग्वेज > टायपिंग > अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज > इनपुट लँग्वेज हॉट कीज. जुन्या पद्धतीची छोटी खिडकी उघडेल. 'बिट्वीन इनपुट लँग्वेजेस' ही ओळ निवडून चेंज की सीक्वेन्स दाबा. आत दोन रकाने आहेत. डावीकडे स्विच इनपुट लँग्वेज, उजवीकडे स्विच कीबोर्ड लेआउट. दोन्हीकडे 'नॉट असाइन्ड' करा, ओके, आणि बाहेरच्या खिडकीत अ‍ॅप्लाय. अ‍ॅप्लाय किंवा ओके न करता खिडकी बंद केली तर बदल टिकत नाही. भाषा बदलायला विंडोज+स्पेस राहतंच, ते यातून बंद होत नाही.

सातपूरकर
एवढं खोदकाम कशाला. विंडोजचा शॉर्टकट फक्त डाव्या ऑल्टवर आहे. उजवं ऑल्ट+शिफ्ट+डी दाबा, भाषा बदलणार नाही. माझ्याकडे रोज चालतं.

कळफलक
@सातपूरकर, तुमचा लेआउट (कळांची मांडणी) इंग्लिश यूएस असणार. त्यात उजवं ऑल्ट साधं ऑल्टच असतं. यांच्याकडे इंग्लिश इंडिया आहे. त्यात उजवं ऑल्ट म्हणजे ऑल्ट-जीआर, आणि विंडोज त्याला कंट्रोल+ऑल्ट समजतं. म्हणजे पूर्ण वेगळी जोडी झाली. पडताळून पाहा: इंग्लिश इंडियावर उजवं ऑल्ट+४ दाबलं की ₹ उमटतं. त्याच कारणाने या लेआउटवर वननोटचं कंट्रोल+ऑल्ट+४, म्हणजे चौथ्या पातळीचं शीर्षक, दाबायला गेलात तर रुपयाचं चिन्ह येऊ शकतं.

सातपूरकर
पाहिलं. यूएसच आहे माझ्याकडे. बरोबर.

टंकलेखिका
उजवीकडचा रकाना का महत्त्वाचा ते सांगायला हवं. कंट्रोल+शिफ्ट हे एकाच भाषेतले लेआउट बदलायला असतं. यांच्याकडे मराठीचे दोन आहेत. कंट्रोल+शिफ्ट दाबून नुसतं सोडलं, की इनस्क्रिप्टवरून फोनेटिकवर जाल. भाषा मराठीच दाखवत राहते, म्हणून लक्षात येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये के वर क आहे आणि फोनेटिकमध्येही के ने क येतो, त्यामुळे पहिलं अक्षर बरोबर दिसतं. पुढचं अक्षर एच घेतलं तर इनस्क्रिप्टमध्ये प येतो आणि फोनेटिकमध्ये ह, किंवा आधीच्या क चा ख होतो. सगळी ओळ बिघडते आणि दोष बोटांवर जातो.

फोनेटिक वापरत नसाल तर काढूनच टाका: टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रीजन, मराठीसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, खाली कीबोर्ड्सच्या यादीत फोनेटिकसमोर रिमूव्ह.

मुक्तस्रोत
इनस्क्रिप्ट सोडून फोनेटिकच ठेवा की. नवीन माणसाला दोन दिवसांत जमतं.

टंकलेखिका
जमतं, पण त्यांना इनस्क्रिप्ट आधीच येतं. फोनेटिकमध्ये शब्द पुरा होईपर्यंत अक्षरांखाली रेघ असते आणि पर्यायांची पट्टी उघडी असते. त्या वेळी दाबलेलं एंटर किंवा बाण आधी त्या पट्टीला मिळतं. शॉर्टकट भराभर वापरणाऱ्याला हे जाचतं. इनस्क्रिप्टमध्ये की दाबली, अक्षर उमटलं, संपलं. आणि तो लेआउट बहुतेक भारतीय लिप्यांना एकाच मांडणीचा आहे, शिकलेलं वाया जात नाही.

मुक्तस्रोत
मुद्दा मान्य. पण वननोटमध्ये की बदलता येत नाहीत, ही अडचण उरतेच ना?

कळफलक
थेट बदलता येत नाहीत, खरंय. पण दोन वाटा आहेत. एक, क्विक अ‍ॅक्सेस टूलबार. लागणारं बटण उजव्या क्लिकने तिथे टाकलं की त्याच्या क्रमाने ऑल्ट+१, ऑल्ट+२ मिळतं. दोन, टॅग, म्हणजे नोंदीवर लावायच्या खुणा; त्यांना कंट्रोल+आकडा मिळतो. आणि ऑब्सिडियनमध्येही कुणी ऑल्ट+शिफ्टची जोडी लावली असती तर हाच घोळ झाला असता.

ओझरवाला
मध्येच विचारतो, जुनी परिपत्रकं कृतिदेवमध्ये आहेत. वननोटमध्ये चिकटवली की वेडीवाकडी रोमन अक्षरं दिसतात. कोणता शॉर्टकट?

टंकलेखिका
शॉर्टकटने होणार नाही. कृतिदेवमध्ये आतून रोमन अक्षरंच असतात, फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फाँट लावून दिसायला ठीक दिसेल, पण शोधायला गेलात तर मराठी शब्द सापडणार नाही. आधी युनिकोडमध्ये (म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत) रूपांतर करा, मग चिकटवा. र्‍हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

मणीसेटिंग
दोन्ही रकाने नॉट असाइन्ड केले, फोनेटिक काढलं. वीस वेळा ऑल्ट+शिफ्ट+डी दाबून पाहिलं, एकदाही भाषा फिरली नाही. बाणांनी ओळीही सरकतात. खूप आभार.

आता दोन गोष्टी. विंडोज+स्पेसने एकेक पुढे जावं लागतं, थेट मराठीवर जाता येईल का? आणि तारीख आधी महिना, मग दिवस अशी येते. ४ ऑक्टोबर आणि १० एप्रिल यात गोंधळ होतो. छाटणीपासूनचे दिवस मोजायचे असतात, आणि खरड छाटणी एप्रिलमधली, फळछाटणी ऑक्टोबरमधली, म्हणजे नेमके हेच दोन महिने.

कळफलक
थेट मराठीसाठी त्याच हॉट कीजच्या खिडकीत प्रत्येक भाषेची स्वतंत्र ओळ आहे. मराठीची निवडा, चेंज की सीक्वेन्स, एनेबल वर खूण, मग जोडी आणि आकडा. कंट्रोल+आकडा घेऊ नका. कंट्रोल+१ ते ९ वननोटचे टॅग आहेत आणि कंट्रोल+० टॅग काढतं. कंट्रोल+शिफ्टबरोबर १ ते ५, ९ आणि ० हे आउटलुकच्या कामांसाठी अडकलेत. म्हणून मराठीला कंट्रोल+शिफ्ट+७ आणि इंग्रजीला कंट्रोल+शिफ्ट+८ द्या.

तारीख वननोट ठरवत नाही, विंडोजचं शॉर्ट डेट रूप उचलतं. लँग्वेज अँड रीजनमध्ये रीजनल फॉरमॅट, चेंज फॉरमॅट्स, शॉर्ट डेट. आधी दिवस येईल असं रूप निवडा. मग वननोट बंद करून उघडा. आधी टाकलेल्या तारखा बदलणार नाहीत, त्या आता साधा मजकूर आहेत. हाताने तपासाव्या लागतील.

टंकलेखिका
साठ-सत्तर नोंदी असतील तर टॅगचंही करून टाका, वेळ तिथे जास्त वाचेल. होम > टॅगच्या चौकटीचा बाण > कस्टमाइझ टॅग्ज. डावणी, भुरी (हे द्राक्षावरचे रोग), फवारणी, पाणी असे नवे टॅग करा आणि वरच्या बाणाने यादीत वर न्या. वरच्या नऊंना क्रमाने कंट्रोल+१ ते ९ मिळतात. एक ओळ अशी होईल: ऑल्ट+शिफ्ट+डी, "प्लॉट ३, छाटणीनंतर ३८ दिवस, पानामागे पांढरी बुरशी, सकाळी दव", मग त्याच ओळीवर कंट्रोल+१. हात माउसकडे जातच नाही. पुढे फाइंड टॅग्ज केलं की डावणीच्या सगळ्या नोंदी एका पट्टीत.

क्रम आधी पक्का करा. टॅगचं नाव मागाहून बदललं तर जुन्या नोंदींवर आधीचंच राहतं. ही यादी त्या संगणकापुरती असते, त्यामुळे भागीदाराच्या लॅपटॉपवर हेच सगळं त्याच क्रमाने पुन्हा करावं लागेल. नाहीतर त्याचं कंट्रोल+१ वेगळाच टॅग लावेल.

सातपूरकर
भागीदाराकडे कुठलं वननोट आहे तेही बघा. 'वननोट फॉर विंडोज १०' हे वेगळं अ‍ॅप होतं, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेच असेल तर आधी नेहमीचं वननोट टाका, मग टॅग.

मणीसेटिंग
त्याच्याकडे तेच जुनं निघालं. म्हणूनच परवापासून "मला लिहिता येत नाही" म्हणत होता, मी नेटला दोष देत होतो. उद्या सकाळी त्याच्याकडे जाऊन नवीन टाकतो आणि टॅग माझ्याच क्रमाने लावतो. माझ्याकडे तारीख आता आधी दिवस अशी येतेय. ऑक्टोबरच्या जुन्या नोंदी तपासायला घेतल्यात, प्लॉट ३ च्या दोन चुकलेल्या सापडल्या.