क्वांटम कॉम्प्युटरची सुरुवात फाईनमनपासूनच का?

सातपूरकर:
एसवायला आहे, सोमवारी सेमिनार आहे. जिकडे बघावं तिकडे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाईनमनचं १९८१ चं एमआयटीतलं भाषण. त्याच्याआधी काहीच नव्हतं का? आणि त्याचा मुद्दा नेमका काय होता, कोणी सोप्पं करून सांगेल का?

गंगापूररोड_७:
भावा, बेनिऑफला विसरू नको. अमेरिकेतल्या आर्गॉन लॅबमधल्या पॉल बेनिऑफने १९८० लाच पेपर लिहून दाखवलं की ट्युरिंग मशीन (कॉम्प्युटरचं कागदावरचं मूळ मॉडेल) क्वांटमच्या, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या जगाच्या नियमांनी चालवता येतं, तिकडे सोव्हिएत रशियात गणितज्ञ युरी मानिननेही त्याच वर्षी पुस्तकात हा विचार मांडला होता. फाईनमनचं म्हणणं वेगळं, निसर्गच क्वांटम आहे तर साध्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल करताना नाकी नऊ येणारच. हिशोब करून बघ ना, ३० क्युबिटची (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा बिट) अवस्था लिहायला १०७ कोटी आकडे लागतात, एका आकड्याला १६ बाइट धरले तर १६ जीबी रॅम तिथेच संपली, आणि अजून एकच क्युबिट वाढवला की डायरेक्ट ३२.

नाशिकरोडची_लेक:
माझे बाबा नोट प्रेसमध्ये होते. घरात नोट आली की आधी उजेडात धरून वॉटरमार्क बघायचे, तारेवरून नख फिरवायचे, मगच खिशात. म्हणून मला या सगळ्यात भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन वीझनर फार जवळचा वाटतो. १९७० च्या आसपास त्याने खोटी काढताच येणार नाही अशी नोट सुचवली होती, नोटेत क्वांटम कण बंद करून ठेवायचे, कुठला कण कसा ठेवलाय ते नंबरावरून फक्त बँकेला कळणार, आणि नक्कल करणारा मोजायला गेला की कणांची अवस्थाच बिघडणार. पेपर छापून आला थेट १९८३ ला, एवढी वर्षं तसाच पडून!! पण त्याचा मित्र चार्ल्स बेनेटने ती कल्पना सोडली नाही, ब्रासार्डला सोबत घेऊन त्याच्यावरून संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली पाठवायची पद्धत काढली आणि १९८४ ला मांडली कुठे, तर आपल्या बंगळुरूच्या कॉन्फरन्समध्ये.

सातपूरकर:
ताई, हे कुठेच वाचलं नव्हतं! नोटेपासूनच सुरू करतो. मग पीटर शोर कुठे येतो?

गंगापूररोड_७:
मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच घे, १९८५, कुठलंही क्वांटम गणित करू शकेल असं एकच मशीन त्याने मांडलं. शोर १९९४, बेल लॅब्जमध्ये, मोठ्या संख्येचे अवयव झटपट पाडायची रीत, म्हणजे अवयव पाडणं अवघड आहे याच भरवशावर असलेलं आरएसए या गुप्तलेखन पद्धतीचं कुलूपच धोक्यात, तेव्हा कुठे बाकीचे खडबडून जागे झाले. १९९६ चा लव ग्रोव्हर, झटपट शोधायची क्वांटम रीत काढणारा, तो पण बेल लॅब्जचाच, आपल्या आयआयटी दिल्लीत शिकलेला. नोट खरंच घेऊन जा सेमिनारला, उजेडात धरून दाखव.