आत्याचे निराधारचे पैसे जानेवारीपासून बंद – निधी नाही की खात्याची भानगड?

माझी आत्या ६१ वर्षांची, विधवा, मूलबाळ नाही. मराठवाड्यात गावी एकटी असते. संजय गांधी निराधारचे महिन्याला १,५०० रुपये यायचे, त्यावर किराणा आणि बीपीच्या गोळ्या भागायच्या. मी चाकणला कंपनीत. दिवाळीत गावी गेलो तर तिनं कॅरीबॅगमधून पासबुक काढून पुढ्यात टाकलं. शेवटची जमा ६ जानेवारी २०२५. त्याखाली फक्त बँकेनं मेसेजचे म्हणून कापलेले सतरा-अठरा रुपये.

तहसीलला दोनदा जाऊन आली. एका चकरेला १२० रुपये भाडं आणि एक रोज बुडतो. उत्तर एकच, "वरून निधी नाही, आला की पडेल."

आत्याचं म्हणणं, "माझे पैशे बहिणीला दिले म्हनं सरकारनं." हसू आलं, पण बातम्या वाचून मलाही तसंच वाटायला लागलंय. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीणला ३६,००० कोटी, मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी तिकडे वळवल्याची ओरड. पण मग शेजारच्या काकूंना त्याच योजनेचे सप्टेंबरपर्यंतचे आले कसे?

हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत दिलाय. (उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये. महिन्याला १,७५०! यात कोण जगतं ते दाखवा.) २०२४ च्या ऑगस्टमध्ये गावात सगळ्यांचे लाडकी बहीणचे फॉर्म भरले, त्यात हिचाही कुणीतरी भरला. तिकडचा एक रुपयाही आला नाही. त्या फॉर्ममुळे निराधारमधून नाव उडालं असेल का?

प्रतिसाद :
काकूंना आले म्हणजे निधीचा प्रश्न नाही, तो विषय सोडा. आधी तहसीलदारांच्या खात्यातून बँकेला यादी जायची, यादीतल्या खातेनंबरवर पैसे पडायचे. आता डीबीटी आहे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात. त्यात पासबुकावरचा नंबर बघत नाहीत, आधारला जे खातं शेवटचं जोडलंय तिथं पैसे जातात. आत्यांनी मधे दुसरं खातं काढलंय का? अंगठ्यावर मिळतं तसलं?

प्रतिसाद :
ते ४१० कोटी अनुसूचित जाती घटकाचे होते, निराधारच्या अनुदानाशी घोळ करू नका. आणि नियम उलटा आहे. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. फॉर्ममुळे निराधार जायचं कारण नाही.

धागाकर्ता :
विचारलं आत्याला. आधी नाहीच म्हणाली. मग आठवलं, फॉर्म भरायच्या गर्दीत देवळाच्या ओट्यावर एक पोरगा मशीन घेऊन बसला होता, "त्यानं अंगठा घेतला अन् एक कार्ड दिलं." कार्ड गव्हाच्या डब्यात सापडलं!!

प्रतिसाद :
सापडलं मग. आधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, कुठली बँक जोडलीय ते दिसेल. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा. आधी जुन्या खात्याला आधार जोडायचा अर्ज बँकेत द्या आणि पोच घ्या. नवं खातं लगेच बंद करू नका, आतले पैसे आधी काढा.

धागाकर्ता :
आज जाऊन आलो. सीडिंग त्या कार्डवाल्या खात्यालाच होतं. पैसे काढायला अंगठा लागतो आणि आत्याचा अंगठा ऊस तोडून तोडून गुळगुळीत झालाय. मशीन घेईना. एकेक बोट लावत गेलो, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटाला हिरवा दिवा लागला. शिल्लक १०,५०० रुपये. आत्यानं तिथंच खाली बसून दोनदा मोजले. जुन्या बँकेत अर्ज दिला, पोच घेतली (शिक्का मारायला नको म्हणत होते, हटलो नाही).

आता राहिलेली शंका. जानेवारी ते सप्टेंबर नऊ महिन्यांचे १३,५०० व्हायला हवेत, आलेत सात महिन्यांचेच. या दोन महिन्यांचं तहसीलच्या निराधार शाखेत कसं विचारायचं? पैसे पाठवले आणि परत गेले, की पाठवलेच नाहीत, हे त्यांना त्यांच्या पोर्टलवर दिसतं का? शनिवारी मला परत चाकणला निघायचंय, त्याआधी अर्ज देऊन जाईन म्हणतो. कुणी असा अर्ज केला असेल तर मजकूर टाका.