फायनान्समध्ये मास्टर्स: फ्रँकफर्ट की डब्लिन? (घर तारण ठेवायचा प्रश्न आहे)

नमस्कार मंडळी, जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची कराडची, बीकॉम झालंय, 3 वर्षं पुण्यात खराडीला फंड अकाउंटिंगमध्ये आहे, म्हणजे रोज परदेशातल्या फंडांची एनएव्ही (एका युनिटची किंमत) काढायची आणि टॅली नाही झाली तर रात्रीचं जेवण ऑफिसातच. सीएफएची (गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा) लेव्हल वन निघालीये. आता बॅक ऑफिसमधून सुटून रिस्कमध्ये (आर्थिक जोखीम मोजण्याच्या कामात) जायचंय, त्यासाठी मास्टर्स करायचं हे पक्कं, पण कुठून करायचं तिथे गाडी अडलीये.

डब्लिनचं यूसीडी स्मरफिट (युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचं बिझनेस स्कूल) डोक्यात आहे. कोर्स 1 वर्षाचा, पुढे नोकरीसाठी 2 वर्षं राहता येतं, भाषेची भानगड नाही. पण नुसती फीच 20 लाखांच्या वर, आणि तिथल्या खोल्यांची भाडी ऐकून घाम फुटतो. सरकारी बँक साडेसात लाखांच्या पुढे तारण मागते, आणि आमच्याकडे तारण म्हणजे आजोबांनी बांधलेलं घर. बाबा म्हणतात ठेवू की, त्यात काय. पण परवा दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी हप्त्याचं गणित मांडलेलं दिसलं, 3 वेळा खोडलेलं. तेव्हापासून झोप नाही.

दुसरं फ्रँकफर्टचं गोएथे. सरकारी युनिव्हर्सिटी, ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचे थोडे पैसे. युरोपियन सेंट्रल बँक, बुंडेसबँक सगळं त्याच गावात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) 11,904 युरो दाखवावे लागतात, पण ते आपलेच, महिन्याला 992 करून परत मिळतात, तेवढी सोय माझी सेव्हिंग आणि आईची एफडी मिळून होईल. अडचण अशी की कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन मला 'गुटन मॉर्गन'च्या पुढे येत नाही, आणि जर्मनीत मॅथ्स, स्टॅट्स, इकॉनॉमिक्सचे क्रेडिट्स मोजतात म्हणे, आमच्या बीकॉमला गणित ते किती!

कन्सल्टंटकडेही जाऊन आले. त्याने ही दोन्ही नावं ऐकून न ऐकल्यासारखी केली आणि यूकेच्या कुठल्यातरी युनिव्हर्सिटीचं ब्रोशर पुढे सरकवलं, "मॅडम, जीमॅट (प्रवेश परीक्षा) नको, काही नको." 2027 पासून तिथे मास्टर्सनंतर राहायची मुदत 2 वर्षांवरून दीड वर्षावर येतेय हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं, तो एक अक्षर बोलला नाही. (कुणाचा व्हिसा आला की त्याच्या ऑफिसात घंटा वाजवतात, देवळातल्यासारखी.)

आत्याचं वेगळंच, चर्चगेटच्या जमनालाल बजाजला एमएससी फायनान्स आहे ना, मग कशाला एवढ्या लांब. तेही चूक नाही म्हणा.

तर साध्या बीकॉमवर जर्मनीत फायनान्सला ॲडमिशन मिळालेलं कुणी आहे का इथे? क्रेडिट्सचं कसं जमवलंत? आणि बी1 (मधल्या पातळीच्या) जर्मनवर फ्रँकफर्टमध्ये रिस्कची नोकरी खरंच लागते का, की तिथेही परत एनएव्हीच काढत बसायचं? एपीएसचे (जर्मनीसाठी आपल्या मार्कशीट-डिग्रीची पडताळणी) 18 हजार भरायच्या आधी एवढं कळलं तर बरं होईल.