मदत हवी आहे: 'द रेव्हन' (१९६३) मधलं जादूगारांचं द्वंद्व मंडळींना दाखवावं का?

उशिराजागा

मंडळी, शनिवारच्या आत उत्तर हवंय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एकदा जमून जुने चित्रपट पाहतो. निवड पाळीपाळीने. मागच्या पाळीला मी मोठ्या तोऱ्यात एक मूक भयपट लावला. अर्ध्या तासात निम्मे लोक मोबाइलमध्ये गेले, उरलेले खिदळत होते. तेव्हापासून माझ्या आवडीवर कुणाचा विश्वास नाही. या वेळी आधी चार जणांना विचारून मगच लावायचा, असं ठरवलंय.

डोक्यात आहे तो दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचा 'द रेव्हन', म्हणजे डोमकावळा. एडगर ॲलन पोच्या १८४५ च्या कवितेचं नाव घेतलंय, पण कवितेशी संबंध पहिल्या पाच मिनिटांपुरता. जादूगार झालेला व्हिन्सेंट प्राइस त्या मखमली आवाजात ओळी म्हणतोय, खिडकीवर टकटक होते, डोमकावळा आत येतो. प्राइस व्याकूळ होऊन विचारतो, माझी लेनोर (म्हणजे त्याची गेलेली बायको) मला पुन्हा भेटेल का? आणि कावळा वैतागून सांगतो की मला काय माहीत, मी काय ज्योतिषी आहे का! मी तिथेच आडवा झालो. कावळा म्हणजे पीटर लोरे, एका बड्या जादूगाराशी पंगा घेऊन पक्षी झालेला. तो बडा जादूगार बोरिस कार्लॉफ. आणि लोरेच्या मुलाच्या भूमिकेत कोण, तर कोवळा जॅक निकल्सन.

शेवटी प्राइस आणि कार्लॉफ समोरासमोर खुर्च्यांत बसून जे द्वंद्व खेळतात, त्यासाठी मला हा चित्रपट दाखवायचाय. तलवार नाही, धावपळ नाही, मंत्रसुद्धा नाहीत. नुसती बोटं फिरतात आणि त्यांतून किरण निघतात. एकाने फेकलेल्या उपरण्याचा साप होतो, वटवाघूळ येतं तर त्याचा हातपंखा होतो, खुर्च्या हवेत तरंगतात. सगळं उघडउघड स्वस्तातलं आहे आणि मला ते फार आवडतं.

अडचण अशी की मी हा आजवर दोघांना दाखवलाय. एक मित्र पोचा भक्त, तो विसाव्या मिनिटाला उठून गेला. दुसऱ्या बाजूला मावसबहीण, ती 'या किरणांना रंगीत खडूने रंगवलंय का' म्हणून हसत बसली, पण हसत का होईना, शेवटपर्यंत बसली. तर मला सांगा, हा लोकांना आवडतो तो चांगला आहे म्हणून, की वाईट असूनही? आधी 'विनोदी आहे' असं सांगून टाकू का? शिवाय या वेळी ९ आणि १२ वर्षांची दोन मुलं येणार आहेत. घाबरतील का?

ठाममत

लावू नका. उत्तर दिलं, आता कारण.

द्वंद्व सुरेख आहे, मान्य. पण तिथे पोचेपर्यंत तासाभराहून अधिक वेळ लोक जिने चढतात, जिने उतरतात, बग्गीत बसतात आणि कोण कुणाची बायको यावर बोलतात. तुमच्या मंडळींनी मागच्या वेळी अर्धा तास काढला नाही, ती हे कशी काढतील? फक्त द्वंद्वाचा तुकडा दाखवा आणि वर दुसरं काहीतरी लावा.

तिसरीरांग

ठाममत यांच्याशी नेहमीप्रमाणे असहमत. नुसता तुकडा दाखवला तर दोन म्हातारे हातवारे करताना दिसतील, बाकी काही नाही. त्या द्वंद्वाला वजन येतं ते आधीच्या फजितीमुळे. लोरेला माणूस करायचा काढा कमी पडतो आणि डोकं माणसाचं, धड पंखांचं अशा अवस्थेत तो भांडत उभा राहतो, ते पाहिलेलं असायला हवं. मग हाच लोरे कार्लॉफपुढे छडी काढून छाती फुगवतो आणि त्याची जी शोभा होते, तीही पाहिलेली हवी. जादूसाठी ज्याला सामान लागतं तो कच्चा आणि ज्याला नुसते हात पुरतात तो पक्का, हा नियम चित्रपट आधी हसवत हसवत शिकवून ठेवतो. म्हणून शेवटी दोघंही रिकाम्या हातांनी बसले की आपण आपोआप सरसावतो.

'चांगला म्हणून की वाईट असूनही' हा प्रश्नच मला पटत नाही. लिहिणारा रिचर्ड मॅथेसन. कॉर्मनसाठी पोच्या कथांवर त्याने आधी गंभीर पटकथा लिहिल्या होत्या, 'हाउस ऑफ अशर' (१९६०) त्यातलीच. इथे त्याने जाणूनबुजून थट्टा केलीय. तुम्ही चित्रपटाला हसत नाही, चित्रपटाबरोबर हसता. लोरे तर पटकथेबाहेरचं वाटेल ते बोलायचा, असं कॉर्मनने सांगितलंय. प्राइस त्यात सामील व्हायचा. कार्लॉफ शिस्तीचा माणूस, त्याला ते जड जायचं. हे माहीत असलं की तिघांच्या एकत्र प्रसंगांत कार्लॉफच्या चेहऱ्यावरचा त्रास खरा की अभिनय, हा वेगळाच खेळ सुरू होतो.

चिकटपट्टी

व्हीएफएक्सवाला (पडद्यावरच्या करामती संगणकावर करणारा) आहे, त्यामुळे खडूच्या प्रश्नाला हात घालतो. ताईंचा अंदाज फार चुकलेला नाही. त्या काळात असे किरण फिल्मवर फ्रेम-दर-फ्रेम काढत आणि मग ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे दोन फिल्मांवरची चित्रं एकत्र छापणाऱ्या यंत्रावर, मूळ दृश्यात मिसळत. सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे तीन सेकंदांच्या किरणासाठी ७२ वेळा तीच रेघ, जराशी वेगळी. ती रेघ थोडी थरथरते, म्हणून ती हाताची वाटते. आज मी तोच किरण संगणकावर केला तर थरथर मुद्दाम घालावी लागते, नाहीतर क्लायंट म्हणतो 'मेल्यासारखा दिसतोय'.

उपरण्याचा साप, वटवाघळाचा पंखा वगैरे प्रकार तर त्याहून जुने. कॅमेरा थांबवा किंवा फिल्म कापून जोडा, वस्तू बदला, पुढे चला. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस हे १८९६ मध्ये करत होता, आणि तो मुळात रंगमंचावरचा जादूगार होता, स्वतःचं जादूचं थिएटर चालवायचा. जादूगारांच्या चित्रपटात जादूगाराचीच युक्ती वापरलीय, तर त्याला स्वस्त कसं म्हणायचं?

खरी कसब संकलनात आहे. प्रत्येक वाराआधी आपल्याला चेहरा दिसतो, वारानंतर दुसरा चेहरा. युक्ती मधल्या क्षणभराची. पैसे नसले की माणूस चेहऱ्यांवर कॅमेरा लावतो, आणि इथे चेहरे प्राइस आणि कार्लॉफचे आहेत! बाकी भार लेस बॅक्स्टरच्या संगीतावर. खात्री करायची असेल तर द्वंद्व एकदा आवाज बंद करून बघा.

जाता जाता: चित्रीकरण १५ दिवसांत उरकलेलं आहे. शेवटी वाडा जळतो ती आगसुद्धा 'अशर'मधली उचललेली. आणि कार्लॉफचे करारातले दोनेक दिवस शिल्लक होते, सेटही उभे होते, म्हणून कॉर्मनने त्याला घेऊन लगेच दुसऱ्या चित्रपटाचे प्रसंग उरकून टाकले. तो 'द टेरर', त्याच वर्षीचा. निकल्सन त्यातही आहे. तो मात्र कुणाला दाखवू नका.

पानगळ

मला द्वंद्व आवडतं, पण एक तक्रार आहे, ती कुणीच मांडली नाही.

रूपं बदलत लढणारे जादूगार ही फार जुनी कल्पना. अरेबियन नाइट्समध्ये एक राजकन्या आणि एक इफ्रित (दुष्ट जिन) असेच लढतात. तो सिंह होतो, ती त्याचे तुकडे करते, तो विंचू होतो, ती सर्प. पुढे तो डाळिंब होऊन फुटतो, दाणे विखुरतात आणि ती कोंबडा होऊन दाणे टिपते. एक दाणा सुटतो. त्या एका दाण्यापायी पुढचं सगळं घडतं आणि शेवटी ती जिंकते, पण जळून राख होते. लहानपणी वाचलं तेव्हा त्या सुटलेल्या दाण्याने माझी झोप उडवली होती.

'द रेव्हन'मध्ये दाणा सुटत नाही. प्राइसला घाम फुटत नाही, कुणाला ओरखडा नाही. वार आला की तो त्याचं खेळणं करतो आणि गालात हसतो. पाहताना मजा वाटते, पण आपण कुणासाठी श्वास रोखून धरत नाही. धागाकर्ते विचारतात 'चांगला की वाईट', मी म्हणेन हलका. मंडळींना तसंच सांगून लावा.

चिकटपट्टी

@पानगळ, दाण्याचं मान्य. पण कार्लॉफ तेव्हा ७५ च्या घरात होता हो. त्याने बसल्या जागी भुवईने जे केलंय त्यात मला पुरेसं काही पणाला लागलेलं दिसतं. आणि हरल्यावर पडक्या वाड्यात बसून तो जे पुटपुटतो, की आता आपल्यात ती गोष्ट राहिली नाही, ते मला तरी हलकं वाटत नाही.

पानगळ

ते वाक्य विसरले होते. अर्धी तक्रार मागे.

दोनपोरांचीआई

मुलांचं कुणी बोलतच नाहीये! मी आठ आणि अकरा वर्षांच्या दोघांना दाखवलाय, म्हणून सांगते. दोन जागा लक्षात ठेवा. एक, काढ्यासाठी मृताचे केस लागतात म्हणून प्राइस वडिलांच्या शवपेटीपाशी जातो आणि ते प्रेत त्याला धरतं. धाकटा माझ्या मांडीत शिरला. दुसरी जागा शेवटाकडे, तळघरात सगळ्यांना बांधलेलं असतं आणि तापलेल्या सळईची धमकी प्राइसच्या मुलीला दिली जाते. तिथे मोठा गप्प झाला. घडत काहीच नाही, पण धमकी खरी वाटते. आधी कानात सांगून ठेवलं की पुरतं.

आणि दादा, 'विनोदी आहे' असं मोठ्यांना सांगूच नका. सांगितलं की लोक पहिल्या मिनिटापासून 'हसव बघू' म्हणून बसतात. तो कावळा स्वतः सांगेल की.

ठाममत

कावळ्याचा मुद्दा बरोबर. बाकी माझं मत तेच.

उशिराजागा

सगळ्यांचे आभार. लावला. वृत्तांत देतो.

आधी काहीच सांगितलं नाही. कवितेच्या ओळींना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, 'आला परत याचा भयपट' असं. मग कावळा बोलला आणि पहिला मोठा हशा आला तो मागच्या वेळी मोबाइलमध्ये गेलेल्या गृहस्थांचा. ठाममत, तुमचंही अगदीच खोटं नव्हतं, बग्गीच्या प्रसंगात दोघं चहाला उठले. पण चहा घेऊन परत आले, हे नोंदवून ठेवा.

शवपेटीआधी मुलांना सांगून ठेवलं होतं. धाकटीने डोळे झाकले आणि बोटांतून सगळं पाहिलं.

द्वंद्व झाल्यावर चिकटपट्टींचा प्रयोग केला, परत लावून आवाज बंद. बॅक्स्टर गेला आणि सगळं खरंच उघडं पडलं, दोन माणसं खुर्च्यांत बसून हात हलवतायत. मी मनात म्हटलं, झालं, जिंकलेला डाव घालवला. तेवढ्यात बारा वर्षांचा पोरगा तोंडाने आवाज काढायला लागला, सापाला फुस्स, पंख्याला फडफड. मग धाकटी कार्लॉफच्या बाजूने सुरू झाली. खुर्च्या तरंगायला लागेपर्यंत खोलीत दोन पक्ष पडले होते आणि मावसबहीण, खडूवाली, प्राइसच्या किरणांना 'झुंऽऽ' देत होती.

पोवाला मित्र आला नव्हता. त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, 'कावळा काय म्हणतो शेवटी?' मी सांगितलं नाही. पुढच्या वेळी येतो म्हणालाय.