मेनूवरचे नाव म्हणजे दिलेला शब्द आहे का?

मिरपूड (सदस्याचे टोपणनाव; चर्चेचा प्रस्ताव)

गेल्या आठवड्यात आम्ही चौघे एका साध्या, सहकुटुंब जावे अशा इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. मी कार्बोनारा मागवला. समोर आली ती पांढऱ्या क्रीममध्ये बुडालेली स्पॅगेटी, तिच्यात मटार आणि मशरूम, वर वाळलेल्या पार्स्लीची भुकटी. चव वाईट नव्हती, हे आधीच कबूल करते. पण रोममध्ये ज्याला कार्बोनारा म्हणतात त्यात अंड्याचे बलक, मेंढीच्या दुधाचे खारट पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचे मुरवलेले मांस आणि काळी मिरी एवढेच असते. सॉसला येणारा मऊपणा पास्ता उकडलेल्या पाण्यातून येतो, क्रीममधून नव्हे. मी वेटरला विचारले, तर तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सगळीकडे असाच देतात, मॅडम."

आल्फ्रेदो पास्त्याचीही तीच गत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलियो यांनी प्रसिद्धीला आणलेली फेत्तुचिने (चपट्या पट्ट्यांचा पास्ता) ही लोणी आणि पार्मेझान चीज गरम पास्त्यावर घोळवून केलेली होती, आणि तिच्यातले क्रीम ही नंतर अमेरिकेत पडलेली भर आहे. माझे म्हणणे असे की मेनूवर एखादे नाव छापले की ते ग्राहकाला शब्द दिल्यासारखे असते. 'क्रीम आणि मशरूमची स्पॅगेटी' असे लिहिले असते तर मी ती आनंदाने खाल्ली असती आणि हा धागाही काढला नसता.

चवीशी मतलब

सहमत नाही. आपण ज्याला मूळ कार्बोनारा म्हणता तो किती जुना आहे, हे आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पाककृतींच्या पुस्तकांत हे नाव सापडत नाही, आणि १९५४ साली खुद्द इटलीतल्या एका पाककलेच्या मासिकात जी कृती छापून आली तिच्यात ग्रुयेर हे स्विस चीज आणि लसूण होता. म्हणजे आज जे नियम दगडावरची रेघ म्हणून सांगितले जातात ते सत्तर वर्षांपूर्वी इटालियन संपादकांनाही ठाऊक नव्हते. टोमॅटो तर सोळाव्या शतकात समुद्रापलीकडून आलेला पाहुणा. त्याला आज घरचा मानायचे आणि क्रीमला मात्र उंबऱ्यावर थांबवायचे, यामागचा न्याय मला कळत नाही. पदार्थ प्रवास करतात, आणि प्रवासात बदलतात. साध्या रेस्टॉरंटमध्ये माणूस पोट भरायला आणि गप्पा मारायला जातो, दस्तऐवज तपासायला नव्हे. चव चांगली होती असे आपणच लिहिले आहे. मग तक्रार नक्की कशाची?

मिरपूड

तक्रार फसवणुकीची. पदार्थ नवा असला तरी त्याच्या नावाला आज एक ठरलेला अर्थ आहे, आणि तो किती वर्षांपूर्वी ठरला याने माझ्या ताटलीत काही फरक पडत नाही.

माजी स्वयंपाकी

मी काही वर्षे अशाच एका स्वयंपाकघरात पास्त्याच्या शेगडीवर उभा होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे थांबवून आतली गोष्ट सांगतो. वाळलेली स्पॅगेटी पाण्यात सोडल्यापासून शिजायला साधारण नऊ ते अकरा मिनिटे लागतात, आणि शनिवारी रात्री सगळी टेबले भरलेली असताना प्रत्येक ऑर्डरसाठी तेवढे थांबणे जमत नाही. म्हणून दुपारीच पास्ता दोन तृतीयांश शिजवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, चिकटू नये म्हणून तेल लावायचे आणि वजन करून एकेका ताटलीपुरता फ्रिजमध्ये ठेवायचा. ऑर्डर आली की तो जाळीच्या टोपलीतून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढायचा आणि सॉसमध्ये टाकायचा. यात लबाडी नाही, पण किंमत मोजावी लागते. तेलाचा थर चढलेल्या पास्त्यावर सॉस धरत नाही. तुमची ताटली अर्धी झाली की तळाशी पांढुरके पाणी साचते आणि सॉस एका बाजूला, पास्ता दुसऱ्या बाजूला असे घर विभागले जाते. ते दिसले की आत काय घडले ते समजून घ्यावे.

आता क्रीमकडे येतो. अंड्याचा बलक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो. त्याहून थंड राहिला तर सॉस पाण्यासारखा, त्याहून तापला तर अंड्याची भुर्जी. कढई आचेवरून उतरवून, पास्त्याचे पिष्टयुक्त पाणी पळीपळीने घालत, सतत हलवत तो नेमका क्षण पकडायचा असतो, आणि बाजूच्या चार कढया खुणावत असताना तो दर वेळी पकडता येत नाही. क्रीम फाटत नाही, थांबते, पुन्हा गरम केले तरी रुसत नाही. आमच्याकडे क्रीम आले ते इटलीचा अपमान करण्यासाठी नव्हे, तर विमा म्हणून.

मिरपूड

ही माहिती मला नवी होती, आणि तळाशी साचलेले ते पाणी माझ्याही ताटलीत होते हे आता आठवले. पण याने माझाच मुद्दा पक्का होतो. जो पदार्थ गर्दीच्या वेळी नीट करता येत नाही तो मेनूवर ठेवायचाच कशाला? त्या मेनूवर मी बासष्ट पदार्थ मोजले. इटलीत घरगुती धाटणीच्या ट्रात्तोरियात, म्हणजे साध्या खाणावळीत, पाच-सहा पास्ते असतात आणि त्यातला एखादा संध्याकाळी संपूनही जातो. तिथले वातावरण तेवढे आपण उचलतो, चौकटीचे टेबलक्लॉथ आणि भिंतीवरच्या वेलींसकट. आखूड यादीची शिस्त मात्र घ्यायची विसरतो.

शेजारचे टेबल

नावाच्या वादात जेवण राहूनच गेले. इटलीत बिल मागितल्याशिवाय टेबलावर येत नाही, कारण जेवून झाल्यावर बसून राहणे हा तिथे जेवणाचाच भाग समजला जातो. मी मागच्या खेपेला गेलो तिथे सूप संपायच्या आत पास्ता आला, पास्ता संपायच्या आत डेझर्टचे कार्ड आले, आणि रिसोत्तो मागवणारी माझी बहीण मात्र आमचे सगळ्यांचे आटोपेपर्यंत पाण्याचा ग्लास फिरवत बसली होती. रिसोत्तोचा तांदूळ ढवळत शिजवायला सोळा ते अठरा मिनिटे लागणारच, हे मान्य, पण "याला वेळ लागेल, बाकीचे पदार्थही थांबवून आणू का?" एवढे विचारायला कोणती पाककृती आड येते? चौघे एकत्र जेवले, तर क्रीम असले काय आणि नसले काय.

चवीशी मतलब

हे शंभर टक्के मान्य. आणि मिरपूडताई, आपल्या नियमाचे टोक कुठे जाते ते पाहा. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या पिझ्झा संघटनेच्या नियमांनुसार अस्सल नेपोलिटन पिझ्झा चारशे अंशांच्या बऱ्याच वर तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजला गेला पाहिजे. साध्या रेस्टॉरंटमधल्या बहुतेक ओव्हनला तेवढा ताप झेपत नाही. मग त्यांनी 'पिझ्झा' हा शब्दच पुसून टाकावा का?

मिरपूड

मुळीच नाही. 'पिझ्झा' हे कुळाचे नाव आहे, 'नेपोलिटन पिझ्झा' हे एका घराचे. कुळाचे नाव कोणीही लावावे. घराचे नाव लावायचे तर त्या घरची रीत पाळावी. कार्बोनारा मी घराचे नाव समजते, आपण कुळाचे समजता. आपला सगळा वाद इथेच आहे असे आता वाटू लागले आहे, आणि या एका बाबतीत मी हटणार नाही. गर्दीच्या वेळी शेगडीवर उभ्या असलेल्या माणसाला दोष देणे मात्र मागे घेते, कारण बासष्ट पदार्थांची यादी त्याने केलेली नव्हती.

माजी स्वयंपाकी

त्याबद्दल आभार. एक सुचवतो. नव्या ठिकाणी गेलात तर पहिल्यांदा आल्यो ए ओल्यो मागवा. लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची आणि पास्त्याचे पाणी. लपवायला जागाच नसलेला पदार्थ. लसूण फिकट सोनेरी आहे की करपून कडवट झाला आहे, तेल पाण्याशी एकजीव होऊन पास्त्याला लपेटले आहे की ताटलीत वेगळे चमकते आहे, एवढे पाहिले की उरलेली यादी वाचायची की बिल मागायचे ते ठरवता येईल.

चवीशी मतलब

आणि तो फसला, तर मी शेजारीच क्रीमचा कार्बोनारा घेऊन बसलेला असेन. जास्तीचा काटा मागवून ठेवतो.